डावी बाजू दिसत नाही, सायकल चालवू का?

दिवाणजी_सांगली

नमस्कार मंडळी. वय ५७. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. तेहेतीस वर्षं गावभागातून यार्डात सायकलवरच जातो-येतो, तीनेक किलोमीटर. मधे एक स्कूटर घेतली होती, ती पोरगा पुण्याला घेऊन गेला. मला काही फरक पडला नाही.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालविक्रीचा हिशेब, वाचून दाखवत होतो. रक्कम होती १,१२,४००. मी वाचली १२,४००. तो बिचारा उभ्या जागी पांढरा पडला. मालक म्हणाले, दिवाणजी, चष्मा बदला. परत वाचली, परत बारा हजार चारशेच. डोक्याच्या मागच्या बाजूला ठणकत होतं. दुपारी मिरजेला नेलं. स्कॅनमध्ये निघालं की मेंदूच्या मागच्या भागात उजवीकडे रक्त पोचलेलं नाही. हातपाय, बोलणं, हिशेब सगळं शाबूत. फक्त दोन्ही डोळ्यांतली डावीकडची अर्धी नजर गेली.

लोकांना वाटतं माझा डावा डोळा गेला. तसं नाही. कुठलाही डोळा झाका, अर्धंच दिसतं. दुसरा प्रश्न ठरलेला: "तिकडे काळं दिसतं का?" काळं दिसलं असतं तर निदान कळलं असतं की इथं काहीतरी झाकलंय. तुम्हाला तुमच्या पाठीमागे काळं दिसतं का? तसंच आहे ते. नाहीच. घरी आल्यावर पहिला आठवडा मी बायकोला रोज विचारत होतो, आज चटणी-कोशिंबीर काहीच नाही का. ती न बोलता ताट फिरवायची.

आता मुद्दा. डॉक्टरांनी स्कूटर बंद सांगितली, ते मान्य. सायकलचं विचारलं तर म्हणाले, "सांभाळून." सांभाळून म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणी सांगेना. रिक्षाचे पैसे हा प्रश्न नाही, पण माणसाला आपल्या पायानं कुठंतरी जावंसं वाटतं.

मार्चमध्ये एका रविवारी सकाळी कोणाला न सांगता हरिपूरच्या रस्त्याला सायकल काढली. तिथली हळदीची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) बघायला पूर्वी माझ्या सारख्या फेऱ्या व्हायच्या. अर्ध्या वाटेत एक दूधवाला उलट्या बाजूनं आला आणि त्याचा कॅन माझ्या डाव्या गुडघ्याला घासून गेला. पाय टेकला, पडलो नाही. त्याला भरपूर शिव्या दिल्या. पण तो आला कुठून हे मला कळलंच नव्हतं. कॅन लागला तेव्हा दूधवाला आहे असं समजलं. घरी अजून सांगितलेलं नाही.

तर विचारायचं असं, की अशी अर्धी नजर गेलेलं कोणी सायकल चालवतं का? आरसा कुठल्या बाजूला लावायचा? तीनचाकी घ्यावी का? पाठीवर "डावीकडचे दिसत नाही" अशी पाटी लावली तर हसं होईल का? चालवू नका म्हणणाऱ्यांनीही लिहा, पण कारणासकट.

माहेरवाशीण_कराड

काका, मी नका म्हणणाऱ्यांतली. कारण लिहिते.

माझ्या वडिलांना काचबिंदू होता. त्यांची नजर खालच्या बाजूनं गेली. समोरून येणारी एसटी लांबून ओळखायचे, पाटी वाचायचे, म्हणून आम्हालाही वाटायचं बरं चाललंय. पण चाकाजवळचा रस्ता त्यांना दिसत नव्हता. गटाराच्या फुटक्या झाकणात पुढचं चाक गेलं आणि खुब्याचं हाड मोडलं. ते बेफिकीर नव्हते हो, उलट फार जपून चालवायचे. पण किती गेलंय हेच माहीत नसेल तर माणूस जपणार कशाला?

आणखी एक. तुम्हाला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल. ती घेणारा डोक्यावर पडला तर आत रक्तस्राव व्हायचा धोका जास्त असतो. ज्या दिवशी हेल्मेट नाही, त्या दिवशी सायकल नाही. एवढं तरी ऐका. आणि दूधवाल्याचं काकूंना सांगा.

पेरिमेट्रीवाली

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कमी दृष्टीच्या रुग्णांबरोबर काम करते. काका, तुमचे कागद न बघता मी हो किंवा नाही म्हणणार नाही. पण "सांभाळून" या शब्दाची फोड करते.

ताटाचं लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. डावीकडचं न दिसणं वेगळं, आणि डावीकडे काही असतं हेच मेंदूनं सोडून देणं वेगळं. मेंदूच्या उजव्या बाजूच्या झटक्यात दुसरा प्रकारही होऊ शकतो. त्यात माणूस डावीकडे वळून बघतच नाही, डावीकडची दाढी करायची विसरतो, घड्याळ काढायला सांगितलं तर बारा ते सहाचे आकडे मांडतो आणि झालं म्हणतो. तुम्ही स्वतःच ओळखलंत की चटणी डावीकडे राहते, हे चांगलं लक्षण आहे. तरी डॉक्टरांकडून ही तपासणी मुद्दाम करून घ्या. दुसऱ्या प्रकारचा थोडाही अंश असेल तर सायकल नको. तिथं माझं मत कराडच्या ताईंपेक्षा कडक आहे. फिट येण्याची शक्यता किती, हेही त्यांनाच विचारा.

पांढऱ्या गोल भांड्यात हनुवटी टेकवून, दिवा दिसला की बटण दाबायची तपासणी तुमची झालीच असेल. ती एकेका डोळ्याची असते आणि बहुतेक वेळा मधल्या २४ ते ३० अंशांपुरती. रस्त्यासाठी दोन्ही डोळे उघडे ठेवून करतात ती १२० ठिपक्यांची एस्टरमन चाचणी जास्त कामाची. ब्रिटनमध्ये मोटार चालवायला आडवं १२० अंश क्षेत्र लागतं, त्यासाठी हीच वापरतात. निरोगी माणसाला दोन्ही डोळे मिळून १८० अंशांच्या आसपास दिसतं. तुमच्याकडे त्यातलं साधारण उजवं अर्धं उरलं असेल. सायकलला लायसन्स नाही, त्यामुळे आपल्याकडे हा आकडा तुम्हाला कोणी विचारणार नाही. तुम्हीच विचारायचा.

नजर आपणहून परत येते ती बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यानंतर शिकायचं ते नजर फिरवायला. तुम्ही वहीचे माणूस आहात म्हणून तिथूनच सुरू करा. पानाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढा. प्रत्येक ओळीला लाल रेघ दिसेपर्यंत डावीकडे जायचं, मगच वाचायला लागायचं. नजर थोडी-थोडी सरकवत नेऊ नका. एका झेपेत पार टोकाला टाका आणि तिथून उजवीकडे या. अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात.

प्रिझमच्या चष्म्याबद्दल कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहिते. बॉस्टनच्या एली पेली यांनी २००० साली मांडलेली पद्धत आहे. तुमच्या बाबतीत डाव्या काचेवर, बुबुळाच्या वर आणि खाली, जोरदार प्रिझमच्या पट्ट्या बसवतात. ४० डायॉप्टर ताकदीची पट्टी डावीकडचं दृश्य साधारण २० अंश सरकवून दिसणाऱ्या भागात आणते. चालताना काहींना चांगला उपयोग होतो. पण ते चित्र दुसऱ्या चित्रावर भुतासारखं चढलेलं असतं. चालण्यात मुरल्याशिवाय सायकलवर नको.

आणि काही जणांना आंधळ्या बाजूलाही काहीतरी हलल्यासारखं जाणवतं. तसं होत असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. थांबलेली मोटार हलत नाही.

उजवीकडचा_नाशिककर

दिवाणजी, मी तुमचा आरशातला भाऊ. माझी उजवी बाजू गेली आहे, २०१९ पासून. चित्रकलेचा शिक्षक होतो. तुमच्या १,१२,४०० मधला पुढचा एक गेला, माझी मागची शून्यं जायची. पगाराच्या कागदावर वाईट वाटायचं.

सायकल चालवतो. रोज नाही, सगळीकडे नाही.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, ती मी ढोपरं फोडून शिकलो. आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या करून बघा. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ म्हणजे तुमचा रस्ता. आता नजर घड्याळाच्या डावीकडे न्या, खिडकीवर. घड्याळ अजून दिसतंय ना? दिसणारच, ते आता तुमच्या उजव्या, चांगल्या अर्ध्यात आलं. आता उजवीकडे कपाटाकडे बघा. घड्याळ गेलं.

कळलं का? तुम्हाला डावीकडे बघणं फुकट आहे आणि उजवीकडे बघणं महाग. तुम्ही घाबरून सगळं उलट करत असाल. दिसतंय म्हणून उजवीकडे बघत बसायचं आणि समोरचा रस्ताच गमवायचा. धडधाकट माणूस उजव्या खांद्यावरून मागे बघतो तेव्हा डाव्या कोपऱ्यातून त्याला समोरचं थोडं दिसत राहतं. तुम्हाला शून्य. त्यामुळे नजरेचं घरच थोडं डावीकडे करा. रस्त्याच्या मधोमध बघण्याऐवजी डाव्या कडेवर बघत चालवा. रस्ता आपोआप उजव्या अर्ध्यात येतो, आणि उलट्या बाजूनं येणारे दूधवालेही दिसायला लागतात.

यातून बाकीचं निघतं. उजवं वळण तुमच्यासाठी नाहीच. चौक सरळ ओलांडायचा, पुढे डावीकडे थांबायचं, उतरायचं आणि पायी रस्ता पार करायचा. मी लाज वाटून हे दोन वर्षं केलं नाही. एकदा गंगापूर रोडला एका बाईंच्या स्कूटीनं धडा शिकवला.

आरसा. सगळे उजव्या टोकाला लावतात. तुम्ही लावलात तर त्यात बघताना तेवढा वेळ समोरचं गायब. डाव्या टोकाला फुगीर गोल आरसा लावून बघा. मागून लांबून येणारी गाडी त्यातही दिसते. अगदी जवळ आली की आरशातून निसटते, पण तोवर ती तुमच्या चांगल्या बाजूला आलेली असते. माझं उलट. मला उजव्या आरशात बघताना समोरचं दिसत राहतं, पण मुद्दाम बघितल्याशिवाय तो आरसा आहे हेसुद्धा दिसत नाही.

वेग. डावीकडे पार टोकाला बघून परत यायला मला सेकंदाच्या वरच लागतो. ताशी १५ किलोमीटरला एका सेकंदात चार मीटर जातात, १० ला पावणेतीन. तुम्ही अडतीतले, फरक काढा. मी १० च्या वर जात नाही. पोरं हसतात.

उभ्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर सोडा. कडेला चिकटून जपून चालवतोय असं वाटतं, ते तुमच्या बाबतीत खोटं आहे. तुमची कड आंधळी आहे.

तीनचाकी मी घेतली आणि विकली. तिचं मागचं चाक बाहेर निघतं, आणि ते नेमकं न दिसणाऱ्या बाजूला निघालं की खांब, पायऱ्या, लोकांचे पाय काही सुटत नाही. तोल जायचा प्रश्न असेल तर घ्या. नजरेवर ते औषध नाही. पाटीचं म्हणाल तर हसं होणार नाही, कोणी वाचणारच नाही. त्यापेक्षा उजळ जाकीट घाला आणि अंधार पडायच्या आत घरी या.

शेवटचं, तुमच्याकडच्या रस्त्यांसाठी. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. पहिली गेली म्हणून सुटलो असं होत नाही. तुमच्या उजवीकडून जाईल, पण तुम्ही तेव्हा डावीकडे बघत असाल. अशा वेळी उतरून उभे राहा, जाऊ द्या दोन्ही.

मागची_सीट_पुणे

माझी नजर नळीतून बघितल्यासारखी झाली आहे, रात्री तर काहीच दिसत नाही. एकट्यानं चालवणं सोडलं. पण सायकल सोडली नाही, टँडेमवर मागे बसतो. पुढचा हँडल आणि ब्रेक सांभाळतो, पाय दोघांचे. पुण्यात ॲडव्हेंचर्स बियॉन्ड बॅरिअर्स फाउंडेशन हे काम करतं. त्याचे संस्थापक दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी काचबिंदूनं गेली, आणि त्यांनी मनालीहून लडाखमधल्या 'खारदुंग ला' खिंडीपर्यंत टँडेम नेली आहे. यार्डात जायला हा पर्याय नाही, मला कळतं. पण हरिपूरला जायला आहे. मुलगा पुण्याला आहे म्हणता ना? पुढं त्याला बसवा.

दिवाणजी_सांगली

सगळ्यांचे उपकार. घड्याळाचं करून बघितलं. बायकोलाही दाखवलं, म्हणजे मी खुर्चीत आणि ती डावीकडे-उजवीकडे पळतेय. दूधवाल्याचंही त्याच दिवशी सांगून टाकलं. दोन दिवस बोलली नाही.

नाशिककर, एक अडचण आहे. डावीकडे मान वळवली की सायकलही डावीकडे जाते. हे कसं सुटायचं?

उजवीकडचा_नाशिककर

सगळ्यांचंच होतं. कबड्डीच्या मैदानावर फक्कीची रेघ असते, तिच्यावरून चालवायला शिका. रस्त्यावर नाही, मैदानावर. डावीकडे एक माणूस उभा करा, त्यानं बोटं दाखवायची, तुम्ही आकडा ओरडायचा, आणि चाक रेघेवर राहिलं पाहिजे. खांदे सैल सोडा, मान एकटी वळली पाहिजे.

दिवाणजी_सांगली

पाच आठवड्यांनी लिहितोय, हंगाम होता.

मिरजेला सगळी तपासणी झाली. घड्याळ काढलं, रेघेचे दोन भाग केले, डावीकडचं सोडून देण्याचा तो दुसरा प्रकार नाही म्हणाले. फिटचंही विचारलं. मग मैदान धरलं. आमच्या दुकानातला एक हमाल सकाळी साडेसहाला बोटं दाखवायला येत होता. एक दिवस त्यानं बोटांऐवजी हळकुंडं धरली, म्हटला बघू ओळखताय का राजापुरी. पहिल्या आठवड्यात वीसातले अकरा आकडे बरोबर आले, त्यातही चार वेळा रेघ सोडली. परवा वीसात एकोणीस. जो चुकला तो त्यानं मुद्दाम चालत चालत दाखवला होता, त्याचं माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

गेल्या सोमवारपासून यार्डात सायकलवर जातोय. फक्त सकाळी, आठच्या आत. मागच्या गल्ल्यांनी, अर्धा किलोमीटर लांब पडतं पण दोनच जागी उतरावं लागतं. उतरून चालताना एक ध्यानात आलं. आपण सवयीनं सायकलच्या डाव्या बाजूला उभं राहून ढकलतो, मग येणारा-जाणारा माझ्या डाव्या खांद्यावर आदळतो. आता उजवीकडे उभा राहतो. डावीकडे सायकल असते, आदळायचं तर तिच्यावर आदळा. पहिले दोन दिवस पायडल नडगीला लागत होतं.

वहीतली लाल रेघ आता रस्त्यावरही दिसते. गटाराची कड दिसेपर्यंत डावीकडे जायचं, मग पुढचं वाचायचं. डावा आरसा लावला, कामाचा आहे. यार्डाच्या दारातून आत मात्र चालतच. तिथं हातगाड्या, पोती, बैल, टेम्पो, आणि सौद्याच्या वेळी कोणीच कोणाला बघत नाही, त्यांना दोन्ही बाजू असून. संध्याकाळी हमाल सायकल हातात धरून घरापर्यंत सोबत येतो, वाटेत चहा. कराडच्या ताई, हेल्मेट घेतलंय. मालक मला आता क्रिकेटपटू म्हणतात.

हरिपूर अजून नाही. पोरगा टँडेमला "बघू" म्हणाला, म्हणजे नाहीच.

आता एक नवीन. काल वळवाचा पाऊस आला. रेनकोट घातला, टोपी चढवली, डावीकडे मान वळवली तर टोपीच्या आतलं अस्तर दिसलं. टोपी मानेबरोबर वळतच नाही. पावसाळा तोंडावर आहे. नाशिककर, तुम्ही काय करता?

उजवीकडचा_नाशिककर

कात्रीनं टोपी कापून टाकली. हेल्मेटवर प्लास्टिकची पिशवी, वरून रबर. धो धो असेल तर रिक्षा.